कमावलेलं शरीर

"काय बे, तुमच्या कोल्हापुरात जिम नव्हत्या तेव्हा तुमचे पैलवान बॉडी कशी बनवत होते?"

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. दुसऱ्या दिवशी सबमिशन. मी फ्लुइड मेकॅनिक्सचं जर्नल लिहीत होतो (म्हणजे शेजारच्या रूममधून आणलेलं जर्नल समोर ठेवून उतरवत होतो, आपल्यात काय लपवायचं!) आणि माझा नागपूरकर रूम पार्टनर आरशासमोर उघडाबंब उभा राहून दंडाचं माप घेत होता. टेप नव्हता म्हणून बुटाची नाडी दंडाला गुंडाळायची आणि मग ती पट्टीवर मोजायची. इंजिनिअर तो इंजिनिअरच! टेबलावर प्रोटीन पावडरचा काळा डबा. डब्यावरच्या माणसाचा दंड माझ्या मांडीपेक्षा जाड.

नागपूरकराने तीन महिन्यांपूर्वी जिम लावली होती. घरून कपड्यांसाठी आलेले पैसे डब्यात गेले. तेव्हापासून आमच्या खोलीत सेट, रेप्स आणि प्रोटीन याखेरीज दुसरा विषय नाही. त्या रात्री त्याने कुठंतरी जुन्या पैलवानांचे फोटो पाहिले होते. भरलेली छाती, खांबासारख्या मांड्या, खांद्यातच उगवलेली मान... आणि आयुष्यात लोखंडाच्या बारला हात लावलेला नाही! त्याला पडलेला प्रश्न तसा रास्तच होता.

प्रश्न माझ्याकडे आला कारण मी पैलवानाच्या घरातला. मी पैलवान नव्हे हो, मला वर्गात 'काडेपेटी' म्हणतात. पैलवान माझा दादा. मी आपलं कोल्हापुरी उत्तर देऊन टाकलं, "तांबडा-पांढरा पिऊन होते भावा बॉडी!" तो हसला, नाडी बुटात घातली आणि झोपला. मला मात्र झोप येईना. दहा वर्षं दादाला डोळ्यांसमोर वाढताना पाहिलं, आणि कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही? मशीनचं कटिंग फोर्सचं गणित येतं, आणि घरातल्या माणसाचा दंड कसा भरला ते येत नाही! तेव्हाच ठरवलं, रविवारी ह्याला तालीम दाखवायची.

आता बाहेरगावच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती व्यायामशाळा नव्हे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी कुस्तीसाठी देशभर माहीत आहेत, पण पेठापेठांतल्या तालमी म्हणजे त्या त्या पेठेचं घरच. गणपती तालमीचा, भांडण तालमीचं, भांडण मिटवणारेही तालमीचेच. इतकंच काय, इथल्या फुटबॉल संघांची नावंसुद्धा पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशी आहेत. नागपूरकर पहिल्या वर्षी सामना बघायला गेला आणि "कुस्तीवाले फुटबॉल काऊन खेळून राहिले?" असं विचारून आला होता.

रविवारी पहाटे पाचला आम्ही दादाच्या जुन्या तालमीत पोचलो. आम्हाला वाटलं आम्ही लवकर आलो. आत बघतो तर पोरं घामानं निथळत होती. दारातच मारुतीची तसबीर, कापराचा आणि ओल्या मातीचा वास, आणि मधोमध लाल मातीचा हौद. ही माती साधी नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय घालून ती मुरवतात. ती मऊ राहावी म्हणून रोज उकरावी लागते, आणि ते काम गडी करत नाही, पोरंच करतात. कमरेत वाकून खोऱ्यानं अख्खा हौद उकरायचा, ओढायचा, सारखा करायचा. कुस्ती सुरू व्हायच्या आधीच पाठ, खांदे आणि मनगटं निम्मी कामाला लागलेली असतात.

वस्तादांनी मला ओळखलं. "धाकला न्हवं तू? अभ्यासातला?" मग नागपूरकराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. जिमचा टी-शर्ट अंगाला घट्ट बसलेला. "ह्यो कोण? काढ अंगातलं. किती जोर मारतोस?"

आता जोर म्हणजे पुश-अप नव्हे. कंबर वर घ्यायची, छाती जमिनीला घासत पुढं न्यायची, मान वर काढायची आणि तशीच परत मागं यायचं. नदीच्या पाण्यात सूर मारून वर यावं तसं. नागपूरकराने जोरात सुरुवात केली. अठराव्याला वेग उतरला, पंचविसाव्याला हात थरथरले, एकोणतिसाव्याला तो छातीवर पडला तो उठेचना. शेजारी एक तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, एकसारखा हलत होता. आम्ही आलो तेव्हाही चालूच, ह्याचे एकोणतीस झाले तेव्हाही चालूच. तो थांबल्यावर मी विचारलं, "किती झाले रे?" तो म्हणाला, "दोनशे. अजून बैठका हायत." आणि पाण्याला तोंडही न लावता बैठकांना लागला.

त्यानंतर जोडी लागल्या. तीच खरी मेहनत. दोन पोरं हौदात उतरली, एकमेकांच्या अंगाला माती लावली आणि भिडली. मान मानेला, मनगट मनगटाला. खालचा उठू बघतोय, वरचा दाबतोय. एकाने पट काढला, दुसऱ्याने पाय मागं फेकून सगळं अंग त्याच्या पाठीवर टाकलं. पाच मिनिटं झाली तरी कुणी सुटलेलं नाही. एक जोड संपली की वस्ताद दुसरा ताजा पोरगा आत सोडणार. पहिला आहे तिथंच. "दम लागला? लागू दे की. कुस्तीत समोरचा थांबणार हाय व्हय?"

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला आणि मी चहाच्या टेबलावरच नागपूरकराला बोटानं आकृती काढून दाखवली. शेवटी विषय आपल्याच खात्यातला आहे!

जोर मारताना शरीराचा भार हात आणि पाय यांच्यात वाटला जातो. ढोबळ मानाने दोन तृतीयांश भार हातांवर येतो. म्हणजे ७५ किलोच्या पैलवानाच्या हातांवर ५० किलो. असे ५०० जोर म्हणजे ५० गुणिले ५००, पंचवीस हजार किलो. पंचवीस टन! उसाच्या दोन ट्रॉल्या सकाळच्या पारी पोरगा छातीनं ढकलून मोकळा होतो. दोर चढायचा तर सगळेच्या सगळे ७५ किलो नुसत्या हातांनी वर न्यायचे. मल्लखांबही मूळचा पैलवानांच्या मेहनतीचाच; पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो रुजवला. लाकडाला मांडीनं आणि बगलेनं धरून ठेवायची सवय झाली की माणूस काय सुटतोय!

म्हणजे 'वजन न उचलता' हे वाक्यच चुकीचं आहे. लोखंड नसतं, वजन असतंच. स्नायूला लोखंड ओळखता येत नाही. त्याला फक्त ताण कळतो. तो ताण बारबेलनं दिला, मातीनं दिला की उरावर बसलेल्या ८० किलोच्या जोडीदारानं दिला, त्याला काही फरक पडत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या प्रयोगांतूनही हेच पुढं आलं आहे की, जड वजन थोडे वेळा किंवा हलकं वजन पुष्कळ वेळा, दोन्हींनी स्नायू जवळपास सारखेच वाढतात. अट एकच. शेवटचे दोन-तीन वेळा करताना हात थरथरले पाहिजेत. नुसती ताकद वाढवायला जड वजन जास्त उपयोगी पडतं, हेही खरं. म्हणून तर तालमीतही करेला आणि गदा फिरवतात, जोर सोपे वाटायला लागले की पाठीवर पोरगं बसवतात, बैठका मारताना खांद्यावर घेतात. आणि आता कित्येक तालमींत मातीशेजारी मॅट आली, कोपऱ्यात लोखंडही आलं. वस्ताद मंडळी आपण समजतो तेवढी जुन्या वळणाची नसतात.

पण लोखंडात आणि जोडीदारात एक मोठा फरक आहे. बारबेल बिचारी सभ्य असते. ती सरळ वर जाते, सरळ खाली येते आणि तुम्ही दमलात की रॅकवर गप्प बसते. ती निसटत नाही, फिरत नाही, तुमची टांग ओढत नाही. जोडीदार प्रत्येक क्षणाला भाराची दिशा बदलतो. त्यामुळे आरशात न दिसणारे स्नायूही कामाला लागतात: मानेचे, बोटांचे, बरगड्यांमधले, पाठीच्या कण्याला चिकटलेले. पैलवान जिमवाल्यापेक्षा वेगळा दिसतो तो यामुळे. त्याचं अंग कप्प्याकप्प्यांचं नसतं, एकसंध असतं.

"आणि प्रोटीन?" नागपूरकराचा खरा प्रश्न हा होता.

त्याला तसाच गंगावेशीतल्या दूध कट्ट्याकडे घेऊन गेलो. तिथं म्हशी दारातच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. म्हशीच्या एका लिटर दुधात साधारण ३५ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात. दोन लिटर म्हणजे त्याच्या पावडरचे तीन चमचे झाले, तूप वेगळं! त्यावर बदामाची थंडाई, खारीक, अंडी, मटण, भाकरी. दुपारी झोप. रात्री नऊला दिवे बंद. नागपूरकराने एक पेला कसाबसा संपवला आणि दिवसभर जेवला नाही.

इथंच लेख संपवता आला असता. 'तर मित्रांनो, जोर-बैठका मारा, दूध प्या' असा शेवट करून संपादकांकडे दिलाही असता. पण पुढच्या आठवड्यात गावी गेलो आणि उत्तर वेगळंच निघालं.

आमचं गाव पन्हाळ्याच्या बाजूला. दीड एकर ऊस, दोन म्हशी. दादा बारा वर्षांचा असताना त्याने गावच्या जत्रेत नारळावरची कुस्ती मारली. आबांच्या डोळ्यात पाणी आलं. आबांना स्वतःला पैलवान व्हायचं होतं, जमलं नाही. त्यांनी दादाला शहरातल्या तालमीत ठेवला. मी तेव्हा दुसरीत. मला आठवतं ते एवढंच की, घरात रोज पहाटे एक किटली भरायची आणि आबा ती घेऊन पहिल्या एसटीच्या थांब्यावर जायचे. कधी स्वतः जायचे, कधी ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायचे. किटलीत दूध, आठवड्यातून एकदा बरणीत तूप. पाऊस असो, पंचमी असो, किटली चुकली नाही.

दादा भरत गेला. दर दिवाळीला तो घरी आला की उंबऱ्यात जरा जास्तच मावायचा. कान मोडून भज्यासारखे झाले. पंधरा-वीस गावांच्या जत्रा मारल्या. पोरं माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "त्यो बघ, पैलवानाचा भाऊ." मी छाती फुगवायचो, होती तेवढी.

मग एका जत्रेत, दादा चोविसाव्या वर्षात असताना, समोरच्याने टांग लावली आणि दादाचा पाय मातीत अडकून राहिला. अंग फिरलं, गुडघा फिरला नाही. लिगामेंट. ऑपरेशन झालं, दीड वर्ष गेलं, दोनदा परत माती अंगाला लावून बघितली. नाही जमलं. आता दादा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. लाल मातीतून काळ्या मातीत आला, असं तो स्वतःच हसत सांगतो. अंग सैल पडलंय, पोट आलंय. मेहनत थांबली की शरीर थांबत नाही, उतरायला लागतं.

त्या शनिवारी जेवताना मी विचारलं, "दादा, एक सांग. तुझी बॉडी कशी झाली होती रे?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचार केला. "मला काय ठावं? मी नुसता सांगतील तसं करत हुतो. आईला इचार."

आईला विचारलं. ती चुलीकडे बघत म्हणाली, "मला काय इचारतोस? म्हशीला इचार!"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते उठले, फळीवरच्या ट्रंकेतून लाल कापडी बांधणीची एक वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

वहीत डाव्या पानावर लिहिलं होतं 'थोरला', उजव्या पानावर 'धाकटा'. थोरल्याच्या पानावर बदाम, तूप, खारीक, मटण, एसटी, लंगोट, परत बदाम. पान भरून खाली दुमडलेलं. धाकट्याच्या पानावर कंपास पेटी, वह्या, चप्पल. महिनोन्महिने तेवढंच. मध्ये एका ठिकाणी 'म्हैस विकली' असं दोन्ही पानांवर आडवं लिहिलेलं. एका ठिकाणी 'सोसायटी कर्ज', त्याखाली 'आईची बोरमाळ', आणि पुढं काही नाही. रक्कम लिहायला आबांचा हात धजला नसावा.

मला एकदम आठवलं की लहानपणी माझ्या पेल्यात दूध कमी आणि चहा जास्त असायचा. मला वाटायचं मला चहा आवडतो.

तेव्हा कुठं कळलं. पंचवीस टनांचं माझं गणित बरोबर होतं, पण त्यात एक बाजू राहून गेली होती. दादानं लोखंड उचललं नाही हे खरं. वजन आबांनी उचललं होतं. उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत टाकणारे आबा कधी दूध पिताना मला दिसले नाहीत. दोन लिटर दूध पैलवानाच्या पोटात जातं तेव्हा ते कुठल्यातरी घरच्या डेअरीच्या बिलातून वजा होतं.

कोल्हापूरचा कुस्तीचा सगळा इतिहासच या वहीसारखा आहे, हे मग लक्षात येत गेलं. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. महाराज १९०२ साली इंग्लंडला गेले होते. त्या दौऱ्यात रोममधलं प्राचीन आखाड्याचं बांधकाम पाहून त्यांनी खासबागेचं मैदान मनात धरलं, असं सांगतात. १९१२ साली ते उभं राहिलं. मध्ये खोलगट आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठंही बसा, समोरच्या माणसाच्या डोक्याआड कुस्ती जात नाही. पण मैदान बांधण्याइतकीच मोठी गोष्ट म्हणजे महाराजांनी मल्लांच्या खुराकाची सोय लावली. शरीर नुसत्या जोर-बैठकांनी होत नाही, खर्चानं होतं, हे त्या राजाला माहीत होतं. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झालं. मैदान राहिलं, तालमी राहिल्या, आणि खुराकाचा भार हळूहळू शेतकरी बापांच्या खांद्यावर आला. त्या खांद्यांनी तो पेललाही. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर. दोघंही कोल्हापूरच्या मातीत घडलेले.

खाशाबा जाधवांचं तर आपल्या शहरात शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत पाहिजे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, म्हणजे आपल्यासारखाच कॉलेजकुमार! १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं घेऊन ते पैसे फेडले, असं सांगतात. ५७ किलो म्हणजे आपल्या वर्गातला मधल्या बाकावरचा मुलगा. डब्यावरच्या माणसाशेजारी उभे केले असते तर खाशाबा किरकोळ दिसले असते. पण त्या ५७ किलोंच्या पाठीमागं एका मास्तराचं घर होतं. १९८४ साली ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. आपण फेडायला किती उशीर लावतो ते यावरून समजावं.

मराठीत एक शब्द आहे, तो मी लहानपणापासून ऐकत आलो, पण कधी नीट ऐकलाच नव्हता. नागपूरकर म्हणतो 'बॉडी बनवली'. आमच्या गावात म्हणतात 'शरीर कमावलं'. बनवणं आणि कमावणं यांत फरक आहे. बनवलेली वस्तू आपली असते. कमाईत मात्र देणेकऱ्यांचा हिशोब असतो. दादाला हे माहीत होतं, म्हणून तो हरलेल्या कुस्तीच्या रात्री जेवायचा नाही. मला वाटायचं रागानं जेवत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपण पैलवान बघतो आणि म्हणतो, जोर-बैठकांनी असं शरीर होतं. पण जे टिकले, ज्यांना घरून किटली आली, ज्यांचा गुडघा शाबूत राहिला, तेच आपल्याला फोटोत दिसतात. बाकीचे फौंड्रीत, ट्रॅक्टरवर, कुठंतरी सिक्युरिटीला असतात. ते फोटोत नाहीत, पण जोर त्यांनीही तेवढेच मारलेत. म्हणून झटपट शरीराच्या नादानं कुणी सुई-गोळीचा रस्ता दाखवला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. दहा वर्षांच्या कमाईला महिन्याचा रस्ता नसतो.

परत निघताना मी वही आबांना द्यायला गेलो, तेव्हा शेवटची पानं उघडली गेली. दादाच्या ऑपरेशननंतर डावं पान रिकामं होत गेलं होतं आणि उजवं भरत. 'धाकटा: प्रवेश फी. धाकटा: होस्टेल. धाकटा: मेस. धाकटा: कॅल्क्युलेटर (चांगला).' आणि आता त्यात दादाच्या अक्षरातल्या नोंदी होत्या. पगाराच्या तारखेच्या.

म्हणजे आता खुराक माझा चालू आहे!

एसटीत बसून मला दुसऱ्याचं बघून उतरवलेलं ते जर्नल आठवलं. तालमीत असं करता आलं असतं का? शेजारच्याने मारलेले जोर माझ्या नावावर लिहून चालले असते का? हौदात उतरल्यावर दुसऱ्याच मिनिटाला पितळ उघडं पडलं असतं. आपल्याकडे ते चार वर्षांनी उघडं पडतं, एवढाच काय तो फरक. हे लिहिताना मला कुणाला उपदेश करायचा नाही. वर्गातली निम्मी जर्नलं कुठून कुठं फिरतात हे मला चांगलं ठाऊक आहे, त्या फेरीत मीही होतो.

असो.

हल्ली नागपूरकर आणि मी होस्टेलच्या गच्चीवर पहाटे जोर मारतो. तो पंचेचाळीसपर्यंत पोचलाय, मी बावीसवर आहे. तो जिमही सोडणार नाही म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. लोखंडाशी आपलं काही वैर नाही. त्याच्या काळ्या डब्यात आता आईने दिलेले शेंगदाणे आणि गूळ असतात, आणि तो डबा पहिल्यापेक्षा लवकर संपतो, कारण आता सगळी विंग त्यात हात घालते.

दादा फौंड्रीची पहिली पाळी करून संध्याकाळी गावच्या तालमीत जातो. दहा-बारा पोरं आहेत. गुडघ्याला पट्टा बांधून हौदाच्या कडेला बसतो आणि ओरडतो. आई सांगत होती, त्यातल्या एका पोराच्या घरी म्हैस नाही. त्याच्यासाठी आमच्या घरून एक किटली जाते. फार दूर नाही, चार घरं पलीकडे. मी विचारलं, वहीत कुठल्या पानावर लिहिता? आबा म्हणाले, "त्ये लिवायचं नसतंय."

आणि यावेळचं फ्लुइड मेकॅनिक्सचं जर्नल मी स्वतः लिहिलं. ऑरिफिस मीटरची चार रीडिंग चुकली. सरांनी लाल शाईनं गोल केला आणि विचारलं, "हे कुणाचं बघून उतरवलं?"

म्हटलं, "सर, चुकलंय ते माझंच आहे."

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी